चौदा कामं उघडी, बंद एकही नाही: वर्षाच्या मध्यावर अडकलेल्या एका कंपनीचं प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकड्यांमधली प्रमाणं मात्र होती तशीच ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

छोट्या कारखान्यांना माल, साठा आणि बिलं यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून देणारी ही कंपनी. माणसं 46. संस्थापक-संचालिका पहिल्या दिवसापासून स्वतः सगळ्यात. विक्रीही त्यांनीच उभी केली. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो.

व्यवहार साधा. ऑर्डर आली की ग्राहक 40 टक्के आगाऊ देतो. मग इन्स्टॉलेशनची माणसं त्याच्याकडे जातात, जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतात, लोकांना शिकवतात आणि काम ग्राहकाच्या ताब्यात देतात. हँडओव्हरच्या कागदावर सही झाली की उरलेले 60 टक्के मिळतात. करारात मुदत तीन महिन्यांची.

जानेवारीत मॅडमनी फळ्यावर वर्षाची चार उद्दिष्टं लिहिली. पहिलं, 48 नव्या ऑर्डर. मी सल्लागार म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा तोच फळा तसाच होता, फक्त तिसऱ्या उद्दिष्टावर कुणीतरी एक फोन नंबर लिहून ठेवला होता आणि चौथं अर्धं पुसलं गेलं होतं. तो नंबर कोणाचा हे कुणालाच सांगता आलं नाही.

अडचण

मॅडमनी मला बोलावलं तेव्हा त्यांचं निदान तयार होतं. "टीमचा जोर ओसरलाय. माझाही. जानेवारीतली मी आणि आत्ताची मी, दोन वेगळ्या बाया आहेत."

हे निम्मं खरं होतं. लांबच्या उद्दिष्टाच्या मधल्या टप्प्यात माणसाची ओढ कमी होते, यावर 2011 मध्ये बोनेझी, ब्रेंडल आणि डी अँजेलिस यांनी अभ्यास मांडला आहे. सुरुवातीला आपण किती आलो ते बघतो, शेवटाकडे किती उरलं ते बघतो. मध्यावर दोन्ही अंतरं लांब, त्यामुळे एका पावलाने काही हलल्यासारखं वाटत नाही.

मीही या निदानावर थोडा भाळलो, हे कबूल करतो. माझा पहिला सल्ला होता, सुट्टी घ्या. त्या आठ दिवस जाऊन आल्या. परत आल्यावर टेबलावर तीच चौदा कामं होती, वर आठ दिवसांचे मेल.

चौदा हा आकडा आम्ही बसून मोजला तेव्हा हाती आला. चार उद्दिष्टांची सहा महिन्यांत चौदा कामं झाली होती: मोबाईल ॲप, वितरकांचं जाळं, नवी वेबसाईट, गुणवत्तेचं प्रमाणपत्र, ग्राहकांसाठी प्रशिक्षण केंद्र, आणि अशीच आणखी. प्रत्येकाला एक प्रमुख, प्रत्येकाची आठवड्याची मीटिंग. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण त्यांनीच वापरली, मी नाही.

मग त्यांची चार आठवड्यांची डायरी छापून घेतली आणि रंगीत पेन्सिली दिल्या. पहिल्या उद्दिष्टाला थेट लागणारा वेळ हिरवा, बाकी सगळा लाल. आठवड्याला सरासरी 52 तास काम, त्यातले 31 तास मीटिंगमध्ये. हिरवा दीड तास. तोही चिडलेल्या ग्राहकांचे फोन ऐकण्याचा. मॅडम पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

खरा धक्का दुसऱ्या कागदावर होता. जूनअखेर ऑर्डर 19, म्हणजे लक्ष्याच्या 40 टक्के. सगळ्यांचं लक्ष त्या आकड्यावर खिळलेलं. पण त्याच दिवशी अर्धवट पडलेली इन्स्टॉलेशन होती 27, आणि महिन्याला पूर्ण होत होती 3. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे. बँकेच्या रांगेपासून कारखान्याच्या मजल्यापर्यंत सगळीकडे चालतो: सरासरी किती कामं अडकलेली आहेत, भागिले किती वेगाने ती बाहेर पडतात, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. 27 भागिले 3. नऊ महिने. करारात लिहिलेले तीन.

नव्या ऑर्डर बहुतेक जुन्या ग्राहकांच्या शिफारशीने येत. ज्याचं स्वतःचं काम सात महिने लोंबकळतंय, तो दुसऱ्याला काय सांगणार? विक्री मंदावली ती टीम मरगळली म्हणून नाही. आणि हे या वर्षाचं दुखणंही नव्हतं. वर्ष उजाडलं तेव्हाच 26 इन्स्टॉलेशन उघडी होती. रोग जुना, जाणवला मध्यावर.

या सगळ्यात मॅडमचं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधीची कामं अडलेली दिसत असताना नवी का काढली, असं विचारलं तर म्हणाल्या, "नवं काही सुरू केलं की दोन दिवस बरं वाटतं." आपल्याकडे याला आरंभशूर म्हणतात आणि त्यात टोमणा असतो. पण धंदा उभा करणारा माणूस आरंभशूर असतोच. नाहीतर धंदा उभाच राहत नाही. अडचण अशी की याच गुणाचं मध्यावर व्यसन होतं. जुनं पुढे सरकत नाही याचा त्रास नव्या कामाच्या उत्साहात बुडवता येतो. फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर निघतं. इथे ते इन्स्टॉलेशनच्या सहा माणसांच्या नावावर निघत होतं. त्यांच्याकडे दर माणशी चार-पाच ग्राहक एकदम उघडे. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग पहिल्यातच राहतो. त्या सहापैकी एकाने मला तेच आपल्या भाषेत सांगितलं: "सकाळी एका ग्राहकाकडे बसतो तेव्हा डोक्यात कालचा असतो, आणि फोनवर उद्याचा."

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विक्रीप्रमुखांचा: इन्सेंटिव्ह वाढवा, सहा महिन्यांत 29 ऑर्डर खेचून आणू. हे झालंही असतं. पण तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतण्याचा प्रकार. बाजूला ठेवला.

दुसरा, इन्स्टॉलेशनला चार नवी माणसं घ्या. कागदावर हा सगळ्यात शहाणा दिसत होता आणि मॅडमचा कल इकडेच होता. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांचं 1975 मधलं निरीक्षण इथे तंतोतंत बसत होतं. नव्यांना शिकवणार कोण? तेच सहाजण. तीन-चार महिने तरी वेग आणखी पडला असता, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. "आत्ता नाही, ऑक्टोबरनंतर बघू" असं ठरलं.

तिसरा, नवी विक्री तीन महिने पूर्ण थांबवा. लेखाप्रमुखांनी तो पाच मिनिटांत निकालात काढला. आगाऊ रकमेवरच पगार चालले होते.

चौथ्यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या: 48 चं लक्ष्य उतरवायचं का? उतरवलं तर टीमला वाटणार हार मानली. ठेवलं तर रोज सकाळी न जमणारा आकडा डोळ्यांसमोर. शेवटी असं केलं की संचालक मंडळापुढे 48 तसंच राहील, ते चुकलं तर चुकल्याची जबाबदारी मॅडमची. टीमपुढे दुसऱ्या सहामाहीसाठी एकच आकडा: 24 हँडओव्हर. मला अजूनही वाटतं की बाकी कशाहून हा निर्णय जास्त उपयोगी पडला. हँडओव्हर हा आकडा त्या माणसांच्या हातात होता. ऑर्डर नव्हती.

पाचवा पर्याय, कामं बंद करण्याचा. सगळे त्याला मान डोलावत होते आणि कुणालाच आपलं काम त्यात नको होतं.

इथे मी इंटेलचा 1985 चा प्रसंग सांगितला. मेमरी चिप हा कंपनीचा मूळ धंदा, जपानी कंपन्यांपुढे तो हरत चाललेला, आणि सोडवत नव्हता. कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारलं की आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असा ग्रोव्ह यांचा पुढचा प्रश्न होता.

मॅडमना हे आधी नाटकी वाटलं. तरी एक कागद घेऊन त्यांनी वर लिहिलं, "सोमवारी या खुर्चीत नवीन माणूस येतोय." चौदा कामांपैकी त्या नव्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत आठ खोडली. नवव्याशी, म्हणजे मोबाईल ॲपशी, पेन थांबलं. ॲप त्यांची स्वतःची कल्पना. "हे तोही ठेवेल," त्या म्हणाल्या. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कागद परत आला तेव्हा ॲपवर रेघ होती आणि आधी खोडलेलं प्रमाणपत्राचं काम पुन्हा जिवंत झालं होतं. त्यासाठी एका मोठ्या ग्राहकाची अट होती, ती आदल्या दिवशी विसरली होती.

काय केलं

अंतिम यादीत आठ कामं बंद, तीन तारीख घालून थांबवलेली, तीन चालू. चालू राहिलेली तीन म्हणजे इन्स्टॉलेशन, जुन्या ग्राहकांची नूतनीकरणं, आणि ग्राहकांना आधीच विकून झालेलं एक अर्धं मॉड्यूल. सुरुवात मुद्दाम 1 जुलैला. नवा महिना, नवा आठवडा अशा टप्प्यांवर माणसं नव्याने हुरूप धरतात हे डाय, मिल्कमन आणि रीस यांनी 2014 मध्ये दाखवलं आहे. फुकट मिळणारा हुरूप वाया का घालवा.

इन्स्टॉलेशनच्या सहाजणांच्या तीन जोड्या केल्या. एका जोडीकडे एका वेळी तीनच ग्राहक. म्हणजे एकूण नऊ. वेग तोच, महिन्याला तीन, राहिला असता तरी हातात घेतलेलं काम तीन महिन्यांत सुटणार होतं.

मग उरलेल्या अठरा ग्राहकांचं काय? तो सगळ्यात अवघड भाग होता. त्यांना सांगावं लागणार होतं की तुमचं काम आम्ही आत्ता थांबवतोय. खरं तर ते थांबलेलंच होतं, फक्त कुणी तसं म्हटलं नव्हतं. विक्रीप्रमुखांचं म्हणणं, मेल पाठवू. मॅडमनी ठरवलं की अठरा फोन त्या स्वतः करतील. चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहिल्या: काय चुकलं, तुमची तारीख कोणती, आणि ही तारीख मान्य नसेल तर आगाऊ रक्कम पूर्ण परत.

तिसऱ्या मुद्द्यावर लेखाप्रमुख अडले. "मॅडम, सगळ्यांनी परत मागितले तर?" बसून हिशेब केला. सहा ग्राहकांपर्यंत कंपनी सोसू शकत होती. सातव्याला कर्ज काढावं लागलं असतं. जोखीम घ्यायची ठरली.

पहिल्या फोनला मी समोर होतो. मॅडम चिठ्ठीवरचं सोडून माफीवर माफी मागू लागल्या. पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माफी राहू द्या हो, तारीख सांगा. गेले पाच महिने मला कुणी तारीखच सांगत नाहीये." पुढचे सतरा फोन छोटे झाले. एकूण तिघांनी पैसे परत मागितले. आठवड्यात दिले.

सोमवारची अडीच तासांची आढावा बैठक बंद. तिच्याजागी फळ्यावर नऊ कार्डं आणि पंचवीस मिनिटं, उभ्याने. प्रत्येक कार्डापुढे एकच प्रश्न: हे आज बंद का होत नाही? दुसऱ्याच आठवड्यात यातून असं काही निघालं जे वर्षभर आढाव्यात आलं नव्हतं. 27 पैकी 11 कामं सॉफ्टवेअरपायी अडलीच नव्हती. ग्राहकाच्या जुन्या मालाच्या याद्या अस्ताव्यस्त होत्या. एका यादीत तर एकच बोल्ट सहा नावांनी होता: कुठे इंचात, कुठे मिलिमीटरमध्ये, कुठे नुसतं "मोठा बोल्ट". इन्स्टॉलेशनची कुशल माणसं आठवडेच्या आठवडे हे निवडत बसली होती. बंद केलेल्या कामांतून मोकळ्या झालेल्या दोघांना फक्त याद्या साफ करायला बसवलं, आणि यादी साफ झाल्याशिवाय ग्राहकाचं कार्ड फळ्यावर लावायचं नाही असा नियम केला.

आणि एक वही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री मॅडमचा फोन आला. सॉफ्टवेअर विकण्याऐवजी मासिक भाड्याने द्यायची त्यांची कल्पना होती, उद्याच टीमला सांगते म्हणाल्या. कल्पना वाईट नव्हती. पण त्या महिन्यात हँडओव्हर फक्त दोनच होणार हे नुकतंच दिसलं होतं, आणि हे तेच दोन दिवसांचं बरं वाटणं होतं. ठरलं असं की कल्पना वहीत लिहायची आणि वही तिमाही संपल्यावरच उघडायची. सप्टेंबरअखेर वहीत 22 कल्पना होत्या. त्यांनी स्वतः वाचून 19 खोडल्या. भाड्याची कल्पना उरलेल्या तिनांत आहे.

निष्पत्ती

हँडओव्हर जुलैत 2, ऑगस्टमध्ये 4, सप्टेंबरमध्ये 5, ऑक्टोबरमध्ये 5, नोव्हेंबरमध्ये 6, डिसेंबरमध्ये 5. एकूण 27, ठरवलेल्या 24 पेक्षा तीन जास्त. डिसेंबरअखेर हातात 9 कामं आणि रांगेत 2.

ऑर्डरचं लक्ष्य साफ चुकलं. दुसऱ्या सहामाहीत 14 आल्या, वर्षाच्या 33. म्हणजे 48 च्या 69 टक्के. मंडळासमोर मॅडमनी हा आकडा पहिल्याच वाक्यात सांगितला. पण ऑर्डरी साधारण सारख्या आकाराच्या असल्याने पैशाचा हिशेब बघण्यासारखा आहे: ऑर्डर पहिल्या सहामाहीपेक्षा एक चतुर्थांशाने घटल्या, तरी हातात आलेला पैसा, तिघांचे परतावे वजा जाऊन, सुमारे 12 टक्क्यांनी वाढला. तो हँडओव्हरवर अडकलेला 60 टक्क्यांचा हिस्सा होता.

मॅडमच्या डायरीतला हिरवा वेळ नोव्हेंबरमध्ये आठवड्याला 14 तास. चार नवी माणसं घेण्याचा विषय ऑक्टोबरमध्ये निघाला तेव्हा इन्स्टॉलेशनच्या लोकांनीच दोन पुरेत म्हणून सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट डेव्हलपमेंट प्रमुखांची. नऊ वर्षं कंपनीत, ॲपवर सात महिने घालवलेले. ॲप बंद होतंय हे त्यांना गुरुवारच्या बैठकीत, बाकी अकराजणांसोबत पडद्यावरच्या यादीत वाचून कळलं. यादी गुप्त ठेवायची कल्पना माझी होती, कुजबुज नको म्हणून. त्यांनी बैठकीत एक शब्द काढला नाही. सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. जाताना मॅडमना म्हणाले, "बंद करण्याबद्दल तक्रार नाही. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मीच बैठकीत उभा राहून सांगितलं असतं." यादी तयार व्हायला तीन दिवस लागले होते. त्यातला अर्धा तास काढणं अशक्य नव्हतं.

विक्रीच्या इन्सेंटिव्हला आम्ही हात लावला तो ऑक्टोबरमध्ये. तोपर्यंत विक्रीच्या माणसांना पैसे ऑर्डरवर मिळत होते आणि बाकी कंपनी हँडओव्हर मोजत होती. साहजिकच ते ग्राहकांना फळ्यावर नसलेल्या तारखा देत राहिले. पैकी दोन प्रकरणं मॅडमना निस्तरावी लागली. अर्धा इन्सेंटिव्ह हँडओव्हरवर देण्याचा बदल 1 जुलैलाच व्हायला हवा होता.

जुलैत आकडा आधी पडेल हे मला ठाऊक होतं. जोड्या नव्या, फोन चालू, याद्यांचं काम बसायचं होतं. ते टीमला आधी सांगितलं नाही, म्हणून दोन हँडओव्हरचा महिना पाहून अर्ध्या ऑफिसला वाटलं की हाही प्रयोग फसला.

एका मुद्द्यावर मात्र मॅडमचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांच्या मते ॲप बंद करायला नको होतं, थांबवलेल्या तिनांत टाकायला हवं होतं. प्रमुख टिकले असते आणि आज ग्राहक ॲपबद्दल विचारतायत. माझं म्हणणं, तारीख घालून थांबवलेलं ॲप त्यांनी सप्टेंबरात पुन्हा काढलं असतं, आणि याद्या साफ करणारे ते दोघे परत तिकडे गेले असते. यावर त्या हसतात आणि म्हणतात, "काढलंच असतं." पण मत बदलत नाहीत.